इंजिनखालचा पुठ्ठा

यंदाही दोरीवरच्या कपड्यांवर काजळी पडली आणि मला कळलं, हंगाम सुरू झाला.

रविवारची सकाळ होती. आईच्या गच्चीत मी माझी पांढरी ओढणी वाळत घालत होते आणि तिच्यावर काळे, वाकडेतिकडे धागे अलगद येऊन बसत होते. बोटानं झटकले की ते पसरतात आणि कपड्याचं वाटोळं होतं. त्यांना फुंकर मारायची असते. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. कुठंतरी शिवारात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलेलं असतं, त्याची राख वाऱ्यावर बसून गावभर हिंडते. तिच्या मागोमाग गुऱ्हाळाचा वास येतो, मग कारखान्याच्या मळीचा. त्या दोन वासांत आपल्याला आवडतो तो कुठला, हे ठरवेपर्यंत नाक दोन्हींना सरावून जातं.

"अगं, पुठ्ठा काढल्याबिगर गाडी हलवू नगंस!" खालून आईनं हाळी दिली.

माझी नोकरी आणि संसार दोन्ही कुरुंदवाडला. शनिवारी संध्याकाळी मी आईकडं येते. गाडी अंगणात लावली, की आई वाकून तिच्या इंजिनखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवते. माझी गाडी नवी आहे, तिच्यातनं कधी काही गळलेलं नाही, हे मी तिला दर शनिवारी सांगते. ती दर शनिवारी "बरं" म्हणते आणि पुठ्ठा सरकवते. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही. त्यामुळं हल्ली मी नुसती सांगते, वाद घालत नाही.

ही खोड मुळात तिची नव्हे. ती आप्पांची, माझ्या वडिलांची. आप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या सगळ्या वस्तूंत हा पुठ्ठाच तेवढा घरात अजून कामावर आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, म्हणजे सगळ्या जगाला अक्कल शिकवायच्या वयात. आप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्या दिवाळीत त्यांनी हुपरीच्या एका चांदीच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी घेतली. बदामी रंगाची, गोल पाठीची, दार लावलं की घरातल्या लोखंडी कपाटासारखा आवाज करणारी. मागची सीट काढून झाडताना तिच्याखाली एक चांदीचं घुंगरू सापडलं, कुणाच्या तरी पैंजणातनं निसटलेलं. आईनं ते चिंचेनं घासून किल्लीला बांधलं. तेव्हापासून आमची गाडी सुरू व्हायच्या आधी छुमकन वाजायची.

आमच्या सगळ्या गोतावळ्यात चारचाकी घेणारे आप्पा पहिलेच. शेजारच्या काकू मायेनं लिंबू-मिरची घेऊन आल्या तर आप्पा हात जोडून म्हणाले, "काकू, ते ऱ्हाऊ दे. आमी रोज ऑइलची पट्टी बघतो." पुढच्या खोलीतल्या बुद्धाच्या तसबिरीपुढं आईनं मेणबत्ती लावली, आम्ही वंदना म्हटली आणि गाडी आमची झाली.

आप्पा विलक्षण टापटिपीचे. कचेरीतनं आले, की चपला अंगठा अंगठ्याला लावून ठेवायचे. गाडी तर त्यांच्या लेखी तान्हं मूल होतं. रोज सकाळी पुसायची, बॉनेट उघडून आत फडकं फिरवायचं. घरातलं जुनं सुती कापड एकेक करून डिकीत जाऊ लागलं. आई स्वयंपाकघरातनं ओरडायची, "माझं हातपुसणं कुठं गेलं?" आणि आप्पा बाहेरून न ऐकल्यासारखं करायचे. हंगाम लागला, काजळी उडायला लागली, तेव्हा तर ते बेचैनच झाले. "कपड्यावर एवढी पडती, तर इंजिनात किती जात असंल," म्हणत बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचे. मी हसायचे. तेव्हा मला कशाचंही हसू येत असे.

आईला गाडी शिकवली ती आप्पांनीच. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाचा तरी त्यांच्याबद्दल गैरसमज व्हायचा. दिवाळीच्या सुट्टीत रोज पहाटे ते आईला शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर घेऊन जायचे. साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, आणि शेजारी आप्पा, "क्लच सोड, हळू सोड, अगं हळू म्हणजे हळू!" आई लवकर शिकली. परवाना हातात आला तेव्हा आप्पांनीच पेढे वाटले.

आणि मग अंगणातल्या शहाबादी फरशीवर पहिला डाग दिसला.

एरवी डाग म्हणजे काय मोठंसं. पण त्याच आठवड्यात आईच्या शाळेतनं निरोप आला होता. आई मुरगूडच्या पलीकडं एका गावातल्या शाळेत शिकवायची. तिथले मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेनं खुर्ची आईकडं येत होती. जानेवारी सरायच्या आत हो का नाही ते संस्थेला कळवायचं होतं. त्या शाळेच्या त्या खुर्चीवर आमच्यातलं कुणी कधी बसलं नव्हतं. माझे आजोबा, आईचे वडील, त्याच शाळेच्या कुंपणाबाहेरून दुसऱ्याच्या उसाच्या बैलगाड्या हाकत गेले होते. आई हे कधी बोलून दाखवायची नाही. पण निरोप आला त्या संध्याकाळी तिनं मला जवळ बसवून घेतलं आणि बराच वेळ माझी वेणी घातली. मी एवढी मोठी झाले होते, तरी.

अडचण एकच होती, वेळेवर पोचायची. एस.टी. कागलला बदलावी लागायची. हंगामात तर रस्ता उसाच्या बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी भरलेला, त्यांच्या मागं एस.टी. अडकली की अडकलीच. साधी शिक्षिका असताना आईचा पहिला तास कुणीतरी सांभाळून घ्यायचं. पण मुख्याध्यापिकेनं परिपाठाआधी फाटकात उभं राहायला हवं. गावात खोली घ्यावी म्हणून तिनं बघूनही घेतलं. खोल्या होत्या. आमचं आडनाव सांगितलं की त्या नुकत्याच भाड्यानं गेलेल्या असायच्या. तेव्हा उरली गाडी.

"आधी ही गळती काढू या," आप्पा म्हणाले. "मग बघू."

डाग नेमका कशाचा हे शोधायला त्यांनी पुठ्ठ्याची युक्ती काढली. साडीच्या खोक्याचा पांढराशुभ्र पुठ्ठा संध्याकाळी इंजिनखाली सरकवायचा, सकाळी ओढून काढायचा. पुठ्ठा पातळ, ऑइल त्यातनं आरपार जाऊन फरशी घाण व्हायची, म्हणून खाली वर्तमानपत्र. मग उकिडवं बसून निरीक्षण. थेंब बोटावर घेऊन चोळायचा, नाकाशी न्यायचा, उजेडात धरायचा. "पाणी न्हाई. ब्रेकचं त्येल न्हाई. इंजिन ऑइलच हाय," असा निकाल आला, की घरात कुणीतरी आजारी असल्यासारखी शांतता पसरायची. आई डबा भरता भरता विचारायची, "काय म्हणतोय पुठ्ठा?" आप्पा पुठ्ठा उंच धरून दाखवायचे. त्याच्यावर काळसर, मधासारखे दाट थेंब असायचे. आई मान हलवून एस.टी.ला पळायची.

उद्यमनगरात शौकत मेस्त्रींचं गॅरेज होतं. मेस्त्रींचा आवाज एवढा मोठा, की शेजारच्या लेथ मशीनवरचे लोकही त्यांचं निदान ऐकत काम करत. गॅरेजच्या कोपऱ्यात कॅरम मांडलेला असायचा आणि गिऱ्हाईक आलं तरी समोरची सोंगटी मारल्याशिवाय मेस्त्री उठायचे नाहीत. त्यांनी वाकून बघितलं, इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखालचं बुचाचं पॅकिंग बदललं आणि हात पुसत म्हणाले, "झालं साहेब. आता एक थेंब जरी पडला तर मिशी उतरवतो."

काही दिवसांत पुठ्ठ्यावर थेंब आला. मग मेस्त्रींनी इंजिनाच्या पुढच्या बाजूचं ऑइल सील बदललं. त्यानंतर थेंब दोन ठिकाणी पडू लागले.

"मिशीचं काय?" आईनं विचारलं.

"मॅडम, मिशीचं मी त्या पॅकिंगपुरतं बोललो व्हतो."

मेस्त्री फेकू होते, पण कामात चोख. ते म्हणायचे, "थेंब पडतोय तितं गळती असती, असं न्हाई. त्येल चालतं. वरनं सुटतं, कडंकडंनं फिरतं, वाऱ्यानं मागं जातं आन भलतीकडंच टपाकतं. आपण बघतो खाली, दुखणं असतंय वर." मला त्या वेळी हे वाक्य नुसतं गाडीबद्दलचं वाटलं होतं.

कारण त्या दिवसांत आप्पा बदलले होते आणि आम्ही ते बघत नव्हतो. मैदानावर आईला शिकवणारे आप्पा आता गाडी, आई आणि रस्ता ही तीन नावं एका वाक्यात आली की उठून अंगणात जायचे. त्यांच्या कचेरीतले एक जण संध्याकाळच्या वेळी रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळले होते. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. माणूस वाचला, पाय गेला. आप्पांनी हे जेवताना एकदाच सांगितलं, पुढचा घास घेतला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्यानंतर ते फक्त ऑइलबद्दल बोलायचे. ऑइल गेलं तर इंजिन जाम होईल, जाम झालं तर माळावर एकटी अडकशील, एकटी अडकलीस तर काय करशील. आई ऐकून घ्यायची. मी मात्र उसळायचे. "आप्पा, तुम्हाला आईनं मुख्याध्यापिका व्हायलाच नकोय," असं एकदा मी तोंडावर म्हणाले. आप्पांनी ताटातली भाकरी मोडली, आणि आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी पानावरून उठले.

जानेवारी निम्मा सरला. आम्ही तिघंही गॅरेजात असताना मेस्त्रींनी तिसरं निदान केलं, मागचं सील. ते बदलायचं तर इंजिन उतरवायचं. "आन इंजान उतरवलं तर गाडी हंगाम सरंस्तोवर मिळायची न्हाई. ट्रॅक्टरवाल्यांची रांग लागलीया माझ्याकडं."

"मग उतरवा की," आप्पा पटकन म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. चेहरा सैल झाला होता. महिनाभर त्यांच्या कपाळावर असलेली आठी गेली होती. गाडीच नाही म्हटल्यावर आईला संस्थेला नकार कळवावा लागणार होता, आणि 'जाऊ नको' हे आप्पांना तोंडानं म्हणावंही लागणार नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला.

"थांबा," आई म्हणाली. ती बाकावर बसून वह्या तपासत होती, तिनं पेन मिटलं. "मेस्त्री, मला एक सांगा. जुनं सील हुतं तवा एकीकडनं गळत हुतं. नवं बसवलं तर दोनीकडनं गळायला लागलं. असं कसं?"

मेस्त्रींनी डोकं खाजवलं. कधी नव्हे ते आवाज खाली आला. "व्हय की. ह्ये इचार करण्यासारखं हाय."

त्यांनी कॅरमच्या बोर्डावरचा पावडरचा डबा उचलला. तपासायची ही त्यांची खास रीत. इंजिन रॉकेलनं आणि ब्रशानं लख्ख धुवायचं, हवेनं कोरडं करायचं आणि सगळीकडं कॅरमची पावडर भुरभुरायची. मग गाडी चांगली तापेपर्यंत पळवून आणायची. जिथं ऑइल पहिल्यांदा सुटतं तिथली पावडर आधी ओली होते. थोड्या वेळात आमचं काळं इंजिन पांढरंधोप झालं. गॅरेजातल्या सगळ्यांनी डाव सोडून ते बघितलं.

"चालवणार कोण?" मेस्त्रींनी विचारलं.

"मी चालवतो," आई म्हणाली. आमच्याकडच्या बायका बोलताना अशाच 'जातो, येतो' म्हणतात. शाळेत प्रमाण मराठी आणि घरी हे, अशा दोन जिभा आईला होत्या. रागावली किंवा ठाम झाली, की घरची जीभ बाहेर यायची.

मेस्त्री तिच्या शेजारी बसले, आप्पा आणि मी मागं. किल्ली छुमकन वाजली आणि आम्ही कागलच्या रस्त्याला लागलो. दुपारचं उतरतं ऊन होतं. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस, रस्त्यावर पडून चेंगरलेली कांडी, त्यांच्यावर घोंघावणाऱ्या माशा, आणि खिडकीतनं आत येणारा तो रसाचा, धुरळ्याचा, जळक्या पाचटाचा मिळून एकच वास. बैलगाड्यांच्या रांगेशेजारून आई सावकाश गाडी काढत होती. हॉर्न वाजवताना बैल बिथरणार नाहीत इतक्या लांबून वाजवत होती. मेस्त्री आधी हँडब्रेकवर हात ठेवून बसले होते, त्यांनी तो हळूच काढून मांडीवर घेतला. माझा ऊर भरून आला होता आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी बाहेर बघत होते.

पुढं एक ट्रॉली बंद पडून रस्त्यातच उभी होती. उसाच्या मोळ्या मागं लांबवर लोंबत होत्या. आई तिच्या मागं थांबली. आप्पांनी दार उघडलं, डिकीतनं एक लाल फडकं काढलं आणि जाऊन सगळ्यात मागं आलेल्या उसाच्या कांड्याला ते करकचून बांधू लागले.

ट्रॅक्टरवाला उडी मारून मागं आला. "काय पावणं, काय चाललंय?"

"लाल फडकं बांधतोय. मागं दिवा न्हाई तुमच्या."

"अवो, डोंगराएवढा ऊस दिसत न्हाई व्हय तुमास्नी?"

"आता दिसतोय," आप्पा म्हणाले. "सांजच्याला दिसत न्हाई."

ट्रॅक्टरवाल्यानं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग मोळीतनं एक जाडजूड ऊस ओढून त्यांच्या हातात दिला. आप्पा तो घेऊन गाडीत येऊन बसले. ऊस खिडकीच्या बाहेर जाईल एवढा लांब. आई आरशात बघत होती. खूप वेळ बघत होती.

"ह्येची भीती वाटती व्हय तुमास्नी?" तिनं विचारलं.

"ऑइल बघायला आलोय आपण," आप्पा म्हणाले आणि बाहेर बघू लागले. डिकीत अजून पुष्कळ लाल फडकी होती, ती मला नंतर दिसली. माझा राग कुठं गेला ते कळलं नाही.

गॅरेजात परत येऊन बॉनेट उघडलं. पावडर एका जागी ओली झाली नव्हती. पुढं, मागं, माथ्यावर, जिथं म्हणून जोड आहे तिथं तिथं काळी ओल फुटली होती.

"एक सील गेलं म्हणलं तर समजतंय," मेस्त्री स्वतःशीच बोलले. "सगळीच एकदम कशी जातील?" त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि ऑइल ओतायच्या तोंडाचं झाकण सैल केलं. ते फटकन उडालं आणि तेलकट वाफ मेस्त्रींच्या तोंडावर आली. "आत हवा कोंडलीया!" ते ओरडले.

मग त्यांनी सांगितलं. चालत्या इंजिनाच्या पोटात वाफ आणि हवा साठते. ती बाहेर सोडायला एक नळी असते, इंजिनाच्या कुशीतनं खाली उतरते, तोंड उघडं. ती बंद झाली की आतली हवा वाट शोधते, आणि मिळेल त्या सांध्यातनं ऑइलला बाहेर ढकलते. किती का नवी सीलं घाला. मेस्त्रींनी खाली हात घातला, चाचपलं. "हितं काय तरी बांधलंय."

सुतळी कापून त्यांनी एक काळा गोळा बाहेर काढला. ऑइल, धूळ आणि काजळी पिऊन तो जळक्या भाकरीसारखा कडक झाला होता. मेस्त्रींनी तो रॉकेलच्या डब्यात बुडवून चोळला. हळूहळू त्याच्यातनं हिरव्या चौकड्या दिसू लागल्या.

"अगं बाई," आई म्हणाली. "ह्ये माझं नळाचं फडकं!"

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी यायचं. तेव्हा घरोघर नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं असायचं, चार पदरी, सुतळीनं आवळून. आमचंही होतं. पावसाळा संपल्यावर ते धुऊन आईनं ठेवलं होतं आणि ते सापडत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा आप्पांकडं वळल्या.

आप्पांच्या हातात अजून तो ऊस होता. "नळी उघडीच हुती," ते म्हणाले. "काजळी आत जाईल म्हणून बांधलं."

"साहेब," मेस्त्री म्हणाले, आणि त्यांना हसावं का रडावं कळेना, "नळातनं पाणी आपल्याकडं येतंय, म्हणून गाळायचं. हितनं आत काय येतच न्हाई. हितनं भाईर जातंय!" मग स्वतःच्याच कपाळावर तेलकट हात मारून म्हणाले, "आन मी बी शाना. दोनदा हाताला लागला गोळा, मळ हाय म्हणून सोडून दिला."

आई हसायला लागली. ती मोठ्यानं हसणारी बाई नव्हे, पण त्या दिवशी बाकाला धरून हसली. मग लेथवाले हसले, कॅरमवाले हसले आणि शेवटी आप्पाही. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मला दिसलं की ते नुसतं हसणं नव्हतं.

त्या फडक्याचा मी पुढं आयुष्यात पुष्कळ विचार केला. आप्पा निष्काळजी असते, तर ती गाडी कधीच गळली नसती. दुसऱ्या कुणी ती नळी बघितलीही नसती. त्यांनी बघितली, जपली, मायेनं चार पदर बांधले आणि आतला जीव कोंडला. माझी मुलगी मोठी होताना तिच्या येण्याजाण्यावर मी किती फडकी बांधली, ते तिलाच विचारावं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, बाहेरची काजळी आत यायला नको. बाहेर काय जायचं थांबलंय, ते उशिरा कळायचं.

आईनं संस्थेला हो कळवलं. आप्पा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते रोज पुठ्ठा सरकवत राहिले. इंजिनाला चिकटलेलं जुनं ऑइल निथळत होतं, थेंब लहान होत होते, विरळ होत होते. मग एक दिवस पुठ्ठा कोरा निघाला. दुसऱ्या दिवशीही.

आई पहिल्यांदा एकटी निघणार होती ती सकाळ मला काल घडल्यासारखी आठवते. धुकं होतं आणि धुक्यात गुळाचा वास अडकून बसला होता. आई निळी साडी नेसली होती, अंबाडा घट्ट बांधला होता. ती फाटक उघडायला गेली. मी चहाचा कप घेऊन पायरीवर उभी होते. आप्पा कानटोपी घालून गाडीपाशी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पुठ्ठा ओढला.

त्याच्यावर एक थेंब होता. मधोमध, ताजा, एकच. मी वरून स्पष्ट बघितला.

आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. महिनाभर ज्याची ते वाट बघत होते ते त्यांच्या हातात होतं. नुसता पुठ्ठा उंच धरायचा अवकाश, आई थांबली असती. आप्पा म्हणतील आणि ती ऐकणार नाही, असं आमच्या घरात झालं नव्हतं.

"काय म्हणतोय पुठ्ठा?" फाटकातनं आईनं विचारलं.

आप्पा उठले. पुठ्ठा उलटा करून त्यांनी काखेत धरला.

"कोरा हाय," ते म्हणाले. "जा."

घुंगरू वाजलं, गाडी धुक्यात गेली. आवाज ऐकू येईनासा झाला तरी आप्पा तिथंच उभे होते. मग पुठ्ठा पाण्याच्या टाकीमागं सारून माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "कॉलेज न्हाई व्हय तुला?" त्या संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या पानपट्टीपाशी उभे होते. पान ते कधी खात नसत. आईची गाडी वळणावर दिसली तसे ते झपाझपा चालत तिच्या आधी घरी येऊन वर्तमानपत्र वाचत बसले. पुढच्या प्रत्येक हंगामात दर रविवारी ते कारखान्याबाहेरच्या रांगेत जायचे आणि ट्रॉल्यांना लाल फडकी बांधायचे. ट्रॅक्टरवाले त्यांना फडकेवाले पावणं म्हणायचे. आईनं ती खुर्ची निवृत्तीपर्यंत सांभाळली, गाडी मात्र त्याआधीच थकली.

त्या थेंबाचं मी कुणाला सांगितलं नाही. आप्पा असेपर्यंत ते त्यांचं गुपित होतं, आणि ते गेल्यावर सांगायला धीर झाला नाही. पण या रविवारी, काजळी फुंकून खाली आले, निघायच्या आधी वाकून पुठ्ठा ओढला, तो नेहमीसारखा पांढरा निघाला, आणि काय झालं कोण जाणे, मी आईला सगळं सांगून टाकलं. तो थेंब, तो उलटा केलेला पुठ्ठा, ते 'कोरा हाय'.

आई पायरीवर बसून शेंगा सोलत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मला दिसला हुता की," ती म्हणाली.

"तुला? तू तर फाटकात होतीस. आणि त्यांनी पुठ्ठा उलटा केला होता."

"साडीच्या खोक्याचा पुठ्ठा त्यो. ऑइल आरपार जातंय त्येच्यातनं. उलटा केला तवा मागचा डाग माझ्याकडंच झाला."

"मग गेलीस कशी?"

आईनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि माझ्याकडं असं बघितलं, की एवढी शिकलेली पोर आणि हे विचारते.

"त्यांनी कोरा हाय म्हणून सांगितलं न्हवं?"